धागाकटिंग करणारी मुलं: ढाक्यातल्या एका कराराची गोष्ट

(दृश्य: शिलाई मशीनची लांबच लांब रांग. आवाज हळूहळू कमी होतो.)

शर्ट शिवून झाला की शिवणीच्या टोकांना दोरे लोंबत राहतात. ते कापायला कसबी कारागीर लागत नाही. छोटी कात्री आणि चपळ बोटं असली की भागतं. आपल्याकडे मुंबईच्या कारखान्यांत या कामाला धागाकटिंग म्हणतात. १९९०च्या सुमाराला ढाका आणि चितगावच्या गारमेंट कारखान्यांत हे काम दहा-बारा वर्षांची मुलं करायची, आणि त्यांत मुली जास्त होत्या. कामगारांच्या यादीत त्यांची नोंद असलीच तर ‘हेल्पर’ अशी. दोरे कापायचे, कापडाचे गठ्ठे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पोचवायचे, तयार कपड्यांच्या घड्या घालायच्या. जहाजाची तारीख जवळ आली की रात्री उशिरापर्यंत थांबायचं.

हे कपडे जायचे अमेरिकेत आणि युरोपात. डिसेंबर १९९२मध्ये अमेरिकेतल्या एका वृत्तवाहिनीने या मुलांची चित्रं घराघरात दाखवली. त्याच वर्षी आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांनी एक विधेयक मांडलं होतं: मुलांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही. हेतू चांगला होता, यात शंका नाही.

विधेयक मंजूर कधीच झालं नाही. पण बांगलादेशची निम्म्याहून जास्त निर्यात कपड्यांची होती आणि अमेरिका हा त्यांचा सगळ्यात मोठा ग्राहक. कारखानदार घाबरले. १९९३मध्ये त्यांनी मुलांना सरळ दारातून बाहेर काढायला सुरुवात केली. युनिसेफच्या अंदाजानुसार ही मुलं सुमारे ५०,००० होती. पन्नास हजार मुलं काही महिन्यांत कामावरून गेली, आणि ती गेली कुठे, हे विचारायला फाटकाबाहेर कोणीही उभं नव्हतं.

(दृश्य: खडी फोडण्याची जागा. धूळ.)

नंतर शोध घेतला गेला तेव्हा त्यांतली काही मुलं सापडली. कोणी खडी फोडत होतं, कोणी रस्त्यावर किडूकमिडूक विकत होतं, काही मुली वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या होत्या. गारमेंटचं काम वाईट होतं, पण डोक्यावर छप्पर आणि महिन्याला पगार होता. त्या कामातून सुटलेली मुलं त्याहून धोक्याच्या कामात पडली. शाळेत जाणारी फारच थोडी. बालमजुरीविरोधात काम करणाऱ्या जगभरच्या संस्थांना या एका घटनेने खडबडून जागं केलं.

(दृश्य: जुनी कागदपत्रं, सह्या.)

मग वाटाघाटी सुरू झाल्या. एका बाजूला कारखानदारांची संघटना, बीजीएमईए. दुसऱ्या बाजूला आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, म्हणजे आयएलओ, आणि युनिसेफ. अमेरिकी दूतावासही मध्यस्थीला होता. बोलणी फिसकटली, पुन्हा सुरू झाली. अखेर ४ जुलै १९९५ रोजी ढाक्यात करारावर सह्या झाल्या.

या करारातली कलमं नीट ऐकण्यासारखी आहेत, कारण प्रत्येक कलमामागे १९९३चा धडा आहे. चौदा वर्षांखालचं नवं मूल कामावर घ्यायचं नाही. आधीपासून असलेल्या मुलांना काढायचं, पण त्यांच्यासाठी शाळेत जागा तयार असल्याशिवाय नाही. मूल शाळेत गेलं की त्याला दरमहा ३०० टका (टका हे बांगलादेशचं चलन) भत्ता द्यायचा. आणि त्याच्या जागी घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला काम देऊ करायचं. भत्त्याच्या खर्चाचा काही भार कारखानदारांच्या संघटनेनेही उचलायचा होता. कारखान्यांत अचानक जाऊन तपासणी करण्यासाठी आयएलओने पथकं उभी केली. अमेरिकेच्या श्रम खात्याने या कामाला पैसे दिले.

करारानंतर दोन हजारांच्या आसपास कारखान्यांची पाहणी झाली, आणि त्यांत सुमारे साडेदहा हजार मुलं सापडली. आधीच्या पन्नास हजारांशेजारी हा आकडा ठेवून बघा. बहुतेक मुलं करार होण्यापूर्वीच बाहेर गेली होती. त्यांची नावं कुठे लिहिलेली नव्हती, त्यामुळे भत्ताही नाही आणि शाळाही नाही. सह्या व्हायला लागलेली दोन वर्षं त्यांना भोवली.

जी सापडली त्यांच्यासाठी ब्राक आणि गणसाहाय्य संस्था या बांगलादेशी संस्थांनी शाळा काढल्या. तीनशेहून अधिक शाळा होत्या, बहुतेक एकेका खोलीच्या. आठ हजारांच्या वर मुलं त्यांत दाखल झाली. बारा वर्षांची मुलगी पहिलीचं पुस्तक घेऊन बसायची. तिला गठ्ठ्यातल्या शर्टांचा हिशेब तोंडपाठ, पण अक्षरओळख नाही. अशा मुलांना शिकवायची पद्धत वेगळी असावी लागते, आणि ती ब्राककडे होती. एकच शिक्षिका, बहुधा त्याच वस्तीतली, आणि शाळेची वेळ वस्तीच्या सोयीने.

(दृश्य: पाटीवर अक्षरं गिरवणारे हात.)

अडचण भत्त्याची होती. ३०० टका ही रक्कम अनेक मुलांच्या पगारापेक्षा कमी होती. घरात भाडं, तांदूळ, धाकट्या भावंडांचं दूध या पगारातूनच यायचं. काही मुलं सकाळी शाळेत आणि दुपारी दुसरीकडे कामाला जाऊ लागली. काहींनी शाळाच सोडली. त्यांच्या आईबापांना मुलाची किंमत नव्हती, असं म्हणणाऱ्यांनी त्या घराचा महिन्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तरीही करार पोकळ ठरला नाही. १९९५मध्ये पाहणी झालेल्या कारखान्यांपैकी ४३ टक्क्यांत मुलं कामाला होती. २००१पर्यंत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. निर्यातीच्या कारखान्यांतून लहान मुलं जवळजवळ दिसेनाशी झाली. मुलाच्या जागी शाळा आणि भत्ता ठेवल्याशिवाय त्याला काढायचं नाही, हा नियम तिथून पुढे अनेक देशांत गेला.

आपल्याकडेही तो आला. भारत आणि अमेरिका यांनी प्रत्येकी दोन कोटी डॉलर घालून आयएलओमार्फत ‘इंडस’ नावाचा प्रकल्प राबवला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, तामिळनाडू, उत्तर प्रदेश आणि दिल्ली इथे तो चालला. कामावरून सोडवलेल्या मुलांसाठी विशेष शाळा, मग तिथून नेहमीच्या शाळेत. सरकारच्या बालकामगार प्रकल्पातल्या शाळांत तेव्हा मुलाला महिन्याला १०० रुपये मिळायचे. शंभर रुपये! बीडमधून उसाच्या फडावर निघालेल्या कुटुंबाला विचारा, या पैशात काय होतं. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडेपर्यंत मुलंही फडावरच राहतात. हंगामी वसतिगृह गावात सुरू झालं तर मूल मागे राहू शकतं. उचल मात्र तशीच डोक्यावर असते.

इथे आम्हाला ढाक्याच्या कराराची खरी उणीव दिसते. त्याने मुलं बाहेर काढली आणि आईच्या पगाराला हात लावला नाही. १९९४मध्ये बांगलादेशात गारमेंट कामगाराचं किमान वेतन महिन्याला ९३० टका ठरलं. ते पुढे वाढलं २००६मध्ये. मधली बारा वर्षं महागाई चढत राहिली आणि निर्यात कित्येक पटींनी वाढली, पण वेतन जागचं हललं नाही. मुलीची जागा आईने घेतली, तीही तितक्याच तुटपुंज्या पगारावर. तिला संघटना बांधायची मोकळीक नव्हती. जिन्याच्या फाटकाला कुलूप असलं तरी ते उघडायला लावण्याची ताकद नव्हती.

(दृश्य: काळा पडदा. मग कोसळलेली इमारत.)

नोव्हेंबर २०१२मध्ये ढाक्याजवळच्या ताझरीन फॅशन्स कारखान्याला आग लागली. शंभरावर कामगार गेले. पाच महिन्यांनी, २३ एप्रिल २०१३ला, सावरमधल्या राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला तडे गेले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या गारमेंट कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं. अनेक जणी आत जायला तयार नव्हत्या, पण महिन्याचा पगार कापायची धमकी होती. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत खाली आली. अकराशेहून अधिक माणसं मेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली.

भरपाईसाठी आयएलओच्या अध्यक्षतेखाली निधी उभा राहिला. कोणाला किती द्यायचं हे आंतरराष्ट्रीय निकषांवर ठरलं, एकूण गरज निघाली तीन कोटी डॉलरची. पण ब्रँडनी देणं ऐच्छिक होतं. तीन कोटी जमायला जून २०१५ उजाडला. घरातली कमावती बाई गेलेल्या कुटुंबांनी दोन वर्षं वाट पाहिली.

मात्र त्या दुर्घटनेतून एक गोष्ट वेगळी घडली, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यात मोलाची आहे. मे २०१३मध्ये जागतिक पातळीवरच्या कामगार युनियन आणि परदेशी ब्रँड यांच्यात ‘अकॉर्ड’ नावाचा कारखान्यांच्या सुरक्षेचा करार झाला. यावर सही करणारा ब्रँड कायद्याने बांधला जात होता. दोनशेहून अधिक ब्रँडनी सही केली. सोळाशेच्या वर कारखान्यांत इंजिनिअर गेले, त्यांनी खांब तपासले, वायरिंग पाहिलं, आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा मोजल्या. अहवाल लपवून ठेवले नाहीत, नावानिशी जाहीर केले. धोका दिसला तर काम नाकारायचा हक्क कामगाराला मिळाला. दुरुस्तीत दिरंगाई झाली म्हणून कामगार संघटनांनी दोन ब्रँडविरुद्ध हेगच्या लवादाकडे दाद मागितली. २०१८मध्ये त्यांतल्या एकाने तडजोडीत तेवीस लाख डॉलर मोजले. अशी दाद १९९५च्या करारात मागता आली नसती.

(दृश्य: अरुंद गल्ली, वरच्या मजल्यावर मशीनचा आवाज.)

आता ढाक्याच्या बुरीगंगा नदीपलीकडे, केरानीगंजला चला. इथल्या छोट्या कारखान्यांत देशी बाजारासाठी जीन्स आणि शर्ट शिवले जातात. मुलं अजूनही इथे आहेत. या शर्टावर परदेशी लेबल नाही, त्यामुळे कोणत्याही ब्रँडची तपासणी इथवर येत नाही. बांगलादेशच्या २०२२च्या सरकारी पाहणीत सुमारे पावणेअठरा लाख बालमजूर नोंदले गेले, त्यांतले दहा लाखांहून अधिक धोक्याच्या कामात. कामाला लागण्याचं किमान वय ठरवणारा आयएलओचा १३८ क्रमांकाचा करार बांगलादेशने त्याच वर्षी मान्य केला.

आणि मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने बालमजुरी आणि कामगार हक्कांसाठी परदेशांत चालणारे आपले सगळे निधी बंद केले. एकूण ६९ प्रकल्प, पन्नास कोटी डॉलरहून अधिक रक्कम. जगात आज १३ कोटी ८० लाख मुलं मजुरीत आहेत, हा २०२४चा अंदाज. २०००मध्ये हाच आकडा २४ कोटी ६० लाख होता. ही घट आपोआप झालेली नाही. तपासणी करणारं पथक, शाळेचा भत्ता, शिक्षिकेचा पगार, यांसाठी कोणीतरी दर महिन्याला पैसे मोजत होतं. आता ते पैसे केरानीगंजमध्ये बांगलादेश सरकारने आणि तिथल्या कारखानदारांनी घालायला हवेत, आणि ते मागायला तिथल्या आयांची संघटना लागेल.