तंबोरा जातो कुठे?

[गोव्यातलं म्हार्दोळ. गाडी उभी, इंजिन बंद, स्पीकरवर गाणं.]
ऐका. जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा झंकार, सुटी ऐकू येतेय, तार न् तार. आता मास्तर किल्ली फिरवतात. ब्लोअर दोनवर. बाणस्तारीच्या पुलापर्यंत गायक उरतो, तबला उरतो, तंबोरा गेलेला असतो.

आवाज कोणी कमी केलेला नाही. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्याचा षड्ज असतो 139 हर्ट्झच्या आसपास, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर. टायरची घरघरही त्याच खालच्या भागात. मोठा आवाज जवळच्या पट्टीतल्या हळू आवाजाला झाकतो. त्यात हळू लावलं की कानाला खालचे सूर आणखीच कमी जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 साली याचे आलेख काढले. मास्तरांना ते ठाऊक नसतील, हात मात्र बरोबर आवाजाच्या बटणाकडे जातो.

[मागच्या सीटवर नातू, कानात बोटं.]
वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. मास्तरांना तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा बोल, बोथट वाटते, म्हणून ट्रेबल चढवलेला. नातवाला तोच टोचतो.

[फोंड्यातलं गॅरेज. दाराचं पॅड निघालेलं.]
आता हे नीट बघा. आतल्या पत्र्याला एवढाली भोकं. स्पीकरच्या मागची हवा इथूनच पुढे येते आणि पुढच्या आवाजाला खाते, बास, म्हणजे खालचे सूर, मरतो. मिस्त्री बोटाने वाजवतो: टण्ण. भोकांवर ब्यूटिल रबराची चिकट शीट बसवतो, रोलरने कोपऱ्यापर्यंत दाबतो. पुन्हा वाजवतो: ठप्प. तळाची पाणी जायची भोकं तेवढी मोकळी ठेवतो. आपल्याकडच्या पावसात ती बुजली, तर दार आतून कुजलंच म्हणून समजा. लोक आधी ऍम्प्लिफायरवर पैसे घालतात. आमच्या मते पहिला मान दाराचा.

मग वेळेचा हिशोब. चालक उजव्या दाराला चिकटून बसतो, आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटीमीटर जातो. डावा स्पीकर अर्धा मीटर लांब असेल, तर त्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गायक उजव्या दारात बसल्यासारखा वाटतो. उजव्याला तेवढंच थांबवलं, की तो डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. मास्तरांचा चेहरा बघा.

[जुनी रेकॉर्ड. केसरबाई केरकर.]
फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली. तिकडे निदान टायर नाहीत.

इथे टायरवर मात करायला आवाज चढवाल, तर कानालाही हद्द आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 फक्त 4 तास.

[पुन्हा रस्ता.]
तंबोरा आता बाणस्तारीच्या पुलापलीकडेही टिकतो. मध्येच कुठेतरी झर्र होतं. मास्तर गाडी कडेला घेतात, उतरून मागे जातात. नंबर प्लेटचा एक स्क्रू ढिला आहे.