शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली संध्याकाळ

श्रोतेहो, नमस्कार.

गोवा हे लहान राज्य असल्यामुळे मुलांना वसतिगृहात ठेवण्याची गरजच काय, असा प्रश्न आपल्याकडे अनेक घरांतून विचारला जातो. ताळगावच्या पठारावरचे गोवा विद्यापीठ नकाशावर कुठल्याच तालुक्यापासून फार दूर दिसत नाही. पण काणकोणची एखादी विद्यार्थिनी पहाटे घर सोडते, मडगावला आणि पुन्हा पणजीला बस बदलत वर्गात पोचते आणि शेवटचा तास संपताच परतीची बस चुकू नये म्हणून धावत निघते, तेव्हा ग्रंथालय, संध्याकाळची व्याख्याने आणि सोबत्यांबरोबरच्या चर्चा यांतले काहीच तिच्या वाट्याला येत नाही. वसतिगृह तिला ती संध्याकाळ मिळवून देते. खोलीचे भाडे आणि मेसचे बिल ज्या घराला झेपणारे नाही, त्या घरातल्या मुलीला मात्र ती शिष्यवृत्तीच्या आधारानेच मिळू शकते.

याचे फार मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तेथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत, आणि तेथे जुळलेला स्नेह आयुष्यभर टिकला. १९२० मध्ये लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेबांनी पैशांची जुळवाजुळव केली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीबरोबरच भथेनांनी दिलेले कर्जही कामी आले. शिष्यवृत्तीच्या हिशेबात असा मित्र कुठेच लिहिलेला नसतो. पण ती मिळाली नसती, तर या दोघांची गाठ पडली असती का? त्याच सयाजीरावांनी आपल्या सांखवाळच्या, बौद्ध धर्माचे अभ्यासक असलेल्या धर्मानंद कोसंबींनाही अभ्यासासाठी दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य दिले होते, हे आपण गोमंतकीयांनी कृतज्ञतेने आठवावे.

आजच्या योजनांमध्येही वसतिगृहाचा वेगळा विचार आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असल्यास वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करत असल्यास ७,००० रुपये निर्वाहभत्ता मिळतो. सर्वसाधारण पदवी किंवा पदव्युत्तर वर्गांसाठी हेच आकडे ६,००० आणि ३,००० असे आहेत. वर्षाला सहा हजार म्हणजे महिन्याला पाचशे रुपये. एवढ्यात महिन्याचे जेवण निघत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. तरीही ज्या घरात दुसरे उत्पन्न नाही, तेथे या पाचशे रुपयांचे मोल फार असते.

काही वर्षे एका वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती, म्हणून हे मोल मी जवळून पाहिले आहे. मेसच्या दाराशेजारच्या फलकावर दर महिन्याच्या सुरुवातीला थकबाकीची यादी लागत असे. नाव यादीत असलेली मुले सर्वांत शेवटी जेवायला येत, भात-हुमण वाढून घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसत आणि कोणाशी फारसे न बोलता उठून जात. शिष्यवृत्ती जमा झाली की तीच मुले सगळ्यांबरोबर वेळेवर येत, ताट धुऊन झाल्यावरही बोलत थांबत, नाटकाच्या तालमीला नाव देत, क्षेत्रभेटीला येत असल्याचे स्वतःहून सांगत. ती यादी तशी उघड्यावर लावू नये, असे माझे ठाम मत आहे; ज्याची त्याला चिठ्ठी देणे मुळीच अवघड नसते.

संशोधक विद्यार्थ्यांचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. तो चार-पाच वर्षे निश्चिंतपणे वसतिगृहात राहतो, आणि हळूहळू साऱ्या मजल्याचा वडीलभाऊ होतो. कुठला अर्ज कधी भरायचा, कुठल्या प्राध्यापकांना भेटायचे, प्रबंधिकेचा मसुदा कसा दुरुस्त करायचा, हे नवी मुले त्याच्याच खोलीत शिकतात. एकाला मिळालेली अधिछात्रवृत्ती अशी दहाजणांच्या उपयोगी पडते.

मात्र शिष्यवृत्ती वेळेवर हाती पडली पाहिजे. मेसचे बिल दर महिन्याला येते आणि शिष्यवृत्ती पुष्कळदा वर्षाच्या अखेरीस जमा होते. मधले महिने उसनवारीवर काढावे लागतात, आणि चतुर्थीला घरी गेलेला एखादा विद्यार्थी परतच येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री प्रवेश घेतानाच करून घ्यावी, आणि वसतिगृहात राहत असल्याचा दाखला मागून जपून ठेवावा, म्हणजे घरून ये-जा करणाऱ्याच्या दरात आपली गणना होणार नाही. जे श्रोते स्वतः कधी वसतिगृहात राहून शिकले, त्यांनी आपापल्या जुन्या वसतिगृहासाठी एक छोटा निधी उभा करावा. जूनपासूनचे मेसचे पैसे त्यातून आगाऊ भरावेत आणि शिष्यवृत्ती जमा झाली की विद्यार्थ्याने ते निधीत परत करावेत. दहा-बारा माजी विद्यार्थी एकत्र आले, तरी येत्या जूनपासून हे सुरू करता येईल.