रिंगणाच्या मधोमध

(दृश्य: सोम्युर, सकाळ. काळे कोट, सोनेरी कलाबूत. घोडा मागचे पाय झाडतो.)

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी सोम्युर नावाचं गाव आहे. इथल्या ‘काद्र न्वार’ या काळ्या कोटातल्या पथकाच्या स्वारांना पाहायला लोक तिकीट काढून येतात. घोडा पुढचे पाय जमिनीवर रोवतो, मागचे दोन्ही सरळ हवेत झाडतो. वर बसलेल्याच्या पायांत रिकीबसुद्धा नाही, तरी तो जागचा हलत नाही. २०११ साली युनेस्कोने फ्रेंच परंपरेतल्या घोडेस्वारीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली, त्यानंतर कॅमेरेही वाढले असावेत.

पण हे खेळ दाखवणं ही यांची मूळ नोकरी नव्हे. ही मंडळी पेशाने मास्तर आहेत.

पूर्वी इथला सगळा कारभार घोडदळाचा होता. घोडदळाचे दिवस संपले आणि १९७२ साली सोम्युरमध्ये राष्ट्रीय अश्वारोहण विद्यालय सुरू झालं. घोड्यावर बसायला येणारी माणसंही तोवर बदलली होती. आज फ्रेंच अश्वारोहण महासंघाचे सहा लाखांहून जास्त सभासद आहेत आणि पाचांत चार तरी मुली आणि बायका आहेत. आठ वर्षांच्या पोरीला परेडच्या आवाजात शिकवून भागत नाही. पुण्या-मुंबईत ज्यांनी घोडदळातल्या एखाद्या निवृत्त दफेदाराच्या हाताखाली पहिली मांड टाकली असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको!

(दृश्य: साधा पोनी क्लब. मुली आपापल्या पोनीचा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताहेत.)

फ्रान्समध्ये पैसे घेऊन घोडेस्वारी शिकवायची तर सरकारमान्य पदविका लागते. फी घेतली आणि पदविका नाही, तर क्रीडा संहितेप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. स्की शिकवणाऱ्यालाही हाच कायदा लागू आहे. इंग्लिश खाडीपलीकडे ब्रिटनमध्ये मात्र निराळा प्रकार. तिथल्या ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या प्रशिक्षक-परीक्षांना १९४७ पासूनच्या संस्थेचं वजन आहे, जगभर मान आहे. तबेला चालवून भाड्याने घोडे द्यायचे तर परवानाही लागतो. पण एखाद्याने घरोघरी जाऊन शिकवायचं ठरवलं, तर परीक्षा दिलीच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही.

फ्रान्समधल्या पहिल्या पदविकेचं नाव ‘बेपेजेप्स’. प्रवेशाआधी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं. मग काही दिवस प्रशिक्षण केंद्रात, काही दिवस एखाद्या क्लबमध्ये अनुभवी प्रशिक्षकाच्या नजरेखाली. तिथे खरी मुलं असतात, खरी घाबरतात, आणि घोडेही स्वतःच्याच मर्जीप्रमाणे वागतात. मला विचाराल तर कायद्याच्या धाकापेक्षा या क्लबमधल्या दिवसांत जास्त कस लागतो.

(दृश्य: गोल रिंगण. मध्ये प्रशिक्षणार्थी, हातात लांब दोर. दोराच्या टोकाला घोडा, पाठीवर नवखी मुलगी.)

हा दोरावरचा धडा नीट बघा. लगाम आणि घोड्याचा वेग प्रशिक्षकाच्या ताब्यात. मुलीने फक्त बसायचं. दोर घड्या घालून हातात धरलाय, मनगटाभोवती गुंडाळलेला नाही. घोडा बिथरून सुटला तर गुंडाळलेला दोर बोटं घेऊन जाईल.

घोडा दुडकी धरतो. मुलीच्या टाचा वर जातात, खांदे कानांशी येतात. नवखा प्रशिक्षक ओरडतो, ‘टाचा खाली!’ ती टाचा खाली दाबते, पाऊल पुढे सरकतं, आणि बूड खोगिरावर आणखी आपटायला लागतं. खरी गोम गुडघ्यात असते. पडायच्या भीतीने तिने गुडघे खोगिरावर आवळलेत, त्यामुळे मांडी वर चढली आणि टाच तिच्यामागोमाग. जाणता प्रशिक्षक टाचेचं नावही काढत नाही. घोड्याला कदमावर, म्हणजे साध्या चालीवर, आणतो, तिचे पाय रिकिबीतून काढायला लावतो, घोट्यातून गोल फिरवायला सांगतो, मग विचारतो, ‘या घोड्याचं नाव काय गं?’ ती बोलायला लागते, श्वास सुटतो, आणि गुडघेही सुटतात.

तेवढ्यात घोड्याने कान मागे टाकले, शेपटी झटकली. हे प्रशिक्षकाच्या लक्षात आलं नाही, तर मुलगी कितीही सुरेख बसो, धडा फसला. कदाचित पाठीवर सारखं आपटणं त्याला सोसत नसेल, कदाचित तंग काचत असेल. थांबवून बघायला हवं. १८६४ ते १८७० या काळात सोम्युरला मुख्य अश्वशिक्षक असलेल्या जनरल लॉतचं सूत्र होतं: शांत, पुढे, सरळ. घोडा आधी शांत हवा. पुढे आणि सरळ जाण्याच्या गोष्टी त्यानंतरच्या.

इथून वरच्या पदविका स्पर्धेच्या स्वारांना घडवणाऱ्यांसाठी आहेत, आणि त्यासाठी पुन्हा सोम्युर गाठता येतं. सकाळी आपण पाहिलेले काळ्या कोटातले स्वार तिथे साध्या कपड्यांत, जमिनीवर उभे राहून, प्रशिक्षकांना शिकवताना दिसतात. तिकीट काढून हे बघायला कुणी येत नाही. यावं, असं मला वाटतं.

पदविका मिळाली की व्यवसायपत्र, म्हणजे पैसे घेऊन शिकवणाऱ्याचं ओळखपत्र, मिळतं, आणि दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. क्लबने शिकवणाऱ्यांच्या पदविका आणि व्यवसायपत्रं लोकांना दिसतील अशी लावायचा नियम आहे. मुलीचं नाव घालायला आलेली आई फीचा तक्ता वाचते, तसा हा कागदही वाचू शकते.