वर्क ऑर्डर नव्हती, पण पाणी तर प्यालात ना?

राम राम मंडळी! टेबलावर हे काळं पडलेलं धूड दिसतंय ना, ती जळालेली सबमर्सिबल मोटार आहे. माझ्या मावसभावाच्या दुकानातून उचलून आणलीय. शहाद्याला त्याचं रिवाइंडिंगचं दुकान आहे.

मागच्या मार्चमध्ये, ऐन परीक्षेत, एका सरकारी वसतिगृहाच्या बोअरची ही मोटार गेली. साहेबांचा फोन आला, "मोटार टाकी दे भो, बिलनं नंतर दखू." भावाने ही काढली, नवी बसवली, दिवेलागणीला टाकी भरली. बिल ४८ हजारांचं. वर्ष उलटलं, ऑफिसात एकच पालुपद: "वर्क ऑर्डर दाखवा." म्हणजे कामाचा लेखी आदेश.

इथे बहुतेक जण चपला झिजवून गप्प बसतात. लेखी करार नाही म्हणजे पैसे बुडाले, असं आपणच ठरवून टाकतो. पण १८७२ च्या करार कायद्यात कलम ७० आहे. काम कायदेशीरपणे केलं, फुकट करायचा इरादा नव्हता आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायची किंवा वस्तू परत करायची. करार लागत नाही.

सरकारलाही हे लागू आहे का? बंगालमध्ये आरामबाग भागात १९४४ मध्ये एका ठेकेदाराने नागरी पुरवठा खात्यासाठी साठवणुकीच्या शेड, ऑफिस अशी बांधकामं केली. कायद्याला हवा तसा करार झालाच नव्हता. सरकारने तेच कारण पुढे केलं. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम ७० खाली ठेकेदाराचा हक्क मान्य केला. नको होतं तर नाकारायचं होतं, वापरलंत ना? मग पैसे द्या, असा एकूण रोख.

आमच्या वसतिगृहाने मोटार परत नेऊन टाक असं एकदाही म्हटलं नाही. पोरं आजही त्याच पाण्याने आंघोळ करतात.

मात्र एक खोच आहे. मिळते ती भरपाई, बिलाचा आकडा नाही. ४८ हजार लावले, पण बाजारात तेच काम चाळीसला होत असेल, तर कोर्ट चाळीसचाच विचार करू शकतं. म्हणून मोटारीच्या खरेदीचं पक्कं बिल जपा. आणि कामं मुद्दाम तुकडे पाडून, टेंडर चुकवून घेतली असतील, तर "कायदेशीरपणे" या शब्दावरच अडकाल. तिथे मी तुमच्या बाजूने नाही.

मुदत साधारण तीन वर्षांची, ती काम झाल्यापासून धरून चला. राज्य सरकारवर दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस, ती जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, आणि मग दोन महिने थांबायचं. जिल्हा परिषद, नगरपालिकेचे नियम वेगळे. ते वकिलाकडून बघून घ्या.

भावाकडे साहेबांच्या फोनचं रेकॉर्डिंग नाही. आहे ती एक चिठ्ठी, वहीच्या फाडलेल्या पानावर वॉर्डनच्या अक्षरात: "नवीन मोटार बसवली, पाणी चालू." खाली सही, तारीख, शिक्का. त्याने ती पाना-पकडींच्या डब्यात ठेवली होती, वर ग्रीसचा अंगठा उमटलाय. परवा तिची झेरॉक्स नोटिशीला जोडून आम्ही नंदुरबारला पोचती केली. आवक नंबर पडलाय. दोन महिन्यांनी याच टेबलावर भेटू.