पाना खाली, टेप हातात : गाडीच्या फटींविषयी

मित्रहो, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या आपल्या नाशकात पत्र्याविषयी बोलताना फार मागून सुरुवात करावी लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी प्रेस शॉपमध्ये किंवा टूल रूममध्ये उमेदवारी केलेली आहे, त्यामुळे बॉनेट म्हणजे इंजिनवरचे झाकण, फेंडर म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा आणि पिलर म्हणजे दाराशेजारचा उभा खांब, हे बहुतेकांना ठाऊकच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे : अपघातानंतर किंवा रंगासाठी खोललेली गाडी पुन्हा जोडल्यावर दोन भागांमधली फट कमी-जास्त दिसू लागली, तर जिथे फट दिसते तिथलाच बोल्ट सैल करण्याची घाई करू नये. आधी पाना खाली ठेवावा आणि टेप हातात घ्यावी.

हे मी माझ्या स्वतःच्या गाडीवरून शिकलो, म्हणून ती हकिगत सविस्तर सांगतो. मुंबई-आग्रा महामार्गावर माझ्या गाडीला समोरून उजव्या कोपऱ्यावर धडक बसली. एका वर्कशॉपने उजवा फेंडर आणि हेडलाइट नवीन घातले, रंग उत्तम जुळवला आणि गाडी परत दिली. घरी आल्यावर पाहतो तो काय, बॉनेटच्या डाव्या बाजूची फट पुढच्या टोकाला जेमतेम २ मिलिमीटर आणि उजवीकडची तब्बल ८. गाडी परत नेली. त्यांनी उजवा फेंडर आत दाबून बसवला. बॉनेटची फट कमी झाली, पण दार उघडताना फेंडरच्या कडेला घासू लागले. पुन्हा नेली. त्यांनी दार मागे सरकवले, तर पुढचे दार मागच्या दाराला टेकायला लागले. तिसऱ्या खेपेला दार नीट लागावे म्हणून त्याचे नवे रबर एका ठिकाणी कापले आणि पहिल्याच पावसात पायाखालची मॅट भिजली. चौथ्या खेपेला मला सांगण्यात आले की धडक बसलेल्या गाडीत इतके चालायचेच. हे वाक्य मला आजही पटत नाही. त्या माणसांना काम येत नव्हते असे नाही. प्रत्येक वेळी त्यांनी फट बुजवली आणि चूक शेजारच्या भागात ढकलली.

शेवटी इथल्या द्वारका चौकाकडच्या एका जुन्या डेंटरकडे गेलो. त्याने पहिला अर्धा तास एकही बोल्ट हलवला नाही. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी केली. जॅकवर चढवलेल्या गाडीचा सांगाडा थोडा का होईना वाकतो, तेव्हा तिच्या फटी मोजण्यात अर्थ नसतो. मग फेंडर पहिल्या जागी आणून त्याने वेगवेगळ्या जाडीच्या ड्रिल बिटांचे मागचे गुळगुळीत दांडे प्रत्येक फटीतून फिरवले आणि खडूने पत्र्यावरच आकडे लिहिले. त्यानंतर त्याने मला हिशेब करून दाखवला. दोन्ही बाजूंची बेरीज १०, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ हवेत. बॉनेट तिरके असते तर काचेकडची मागची कडही तिरकी दिसली असती. ती तर सरळ होती. याचा अर्थ बॉनेट बरोबर होते आणि ज्याला दोन्ही फेंडर पुढे अडकतात तो रेडिएटर सपोर्टच ३ मिलिमीटर उजवीकडे गेला होता. इंजिनच्या खोलीचे दोन्ही कर्ण मोजले, तर त्यांत ४ मिलिमीटरचा फरक निघाला. सपोर्ट साखळीने ओढून कर्ण सारखे केले आणि दोन्ही फटी आपोआप ५ वर आल्या.

आपल्या जुन्या नाशकातल्या वाड्यांची दारे बसवणारे सुतारही हेच करत. दार घासते म्हणून लगेच रंधा मारायचा नाही, आधी चौकटीला ओळंबा लावायचा. पावसाळ्यात फुगलेल्या दारावर रंधा मारला तर तेच दार हिवाळ्यात सैल पडते, हे जुन्या घरात राहिलेल्या प्रत्येकाने पाहिले असेल.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी हातात आली आहे आणि ज्यासाठी आपण जमलो तो जोडणीचा क्रम अजून सांगायचाच आहे, तेव्हा तो भरभर सांगतो.

सुरुवात नेहमी मागून करावी, कारण मागच्या चाकावरचा पत्रा वेल्ड केलेला असतो आणि तो हलत नाही. त्याला मागचे दार जुळवावे, त्या दाराला पुढचे दार, पुढच्या दाराला फेंडर, फेंडरला बॉनेट, आणि हेडलाइट व बंपर सर्वांत शेवटी. फट साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते. आकड्यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत एकसारखी असणे आणि दोन्ही पत्रे एका पातळीत असणे महत्त्वाचे.

दार जुळवताना पिलरवरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचे लॉक ज्यात अडकते ती कडी, काढून ठेवावा, नाहीतर लटकलेले दार तोच उचलून धरतो आणि दोष झाकला जातो. दार अर्धवट उघडून मागच्या टोकाला वर उचलून पाहावे. खडखडले तर बिजागरीची पिन झिजली आहे आणि बोल्ट हलवून काही साधणार नाही. पिन ठीक असेल तर बोल्ट जेमतेम सैल करावेत. दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर आणि दार १ मीटर लांब धरले, तर वरची बिजागरी १ मिलिमीटर पुढे सरकवल्यावर मागचे टोक अडीच मिलिमीटर उचलले जाते. काच आणि आतले पॅनेल बसवल्यावर हे माप पुन्हा घ्यावे, कारण वजनाने दार खाली येते. बॉनेटची उंची कोपऱ्यांतल्या रबरी टेकूंनी ठरवावी, लॉक त्यानंतर. आणि हे सगळे रंगाआधी एकदा जुळवून पाहावे.

बंपर प्लॅस्टिकचा आहे, तो उन्हात पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त वाढतो. निफाडच्या थंडीत पहाटे घट्ट बसवलेला बंपर एप्रिलच्या दुपारी फेंडरला रेटतो आणि कोपऱ्यातला रंग उडतो, म्हणून थंडीत बसवताना तिथे थोडी जास्त फट सोडा.