सीपॅपचा दाब: नेमका किती?

(दृश्य: निद्रा प्रयोगशाळेतला मॉनिटर. श्वासाची रेघ वरखाली होत होत सपाट होते.)

ही रेघ श्वासाची. आत्ता ती सपाट आहे. दहा सेकंद झाले, वीस झाले... छाती आणि पोट हलतंय, म्हणजे शरीराची धडपड चालू आहे. पण घशाचा मऊ भाग मिटलाय, हवेला वाटच नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्ठं घोरणं ऐकू येतं आणि रेघ पुन्हा धावू लागते. पूर्ण किंवा अर्धवट, असे अडथळे तासाला तीसहून जास्त वेळा आले, तर स्लीप ॲप्निया तीव्र मानतात.

१९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की नाकावाटे हवेचा सतत दाब दिला तर हा घसा उघडा राहतो. तेच सीपॅप. दाब मोजतात सेंटिमीटर पाण्यात, म्हणजे तो दाब पाण्याचा किती उंच स्तंभ पेलेल यावरून. मशीनवर साधारण ४ ते २० पर्यंत. आकड्याचा धसका नको. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का.

पण ७ की १२, हे कसं ठरवायचं?

(दृश्य: शेजारची खोली. तंत्रज्ञ पडद्यासमोर.)

पेशंट झोपलाय. तंत्रज्ञ ४ पासून सुरुवात करतो. एक सेंटिमीटर वाढवला की किमान पाच मिनिटं थांबून बघायचं. आधी श्वास थांबायचा थांबतो. मग उथळ श्वास सुधारतात. घोरणं जातं. तरी काम संपलेलं नसतं. ही रेघ जवळून पाहा: श्वास आत घेतानाचा माथा अजून चपटा आहे, म्हणजे वाट अरुंदच आहे. दाब आणखी थोडा वाढतो, आणि माथा छान गोल होतो.

खरी परीक्षा मात्र स्वप्नांच्या झोपेत, तीही उताणं झोपल्यावर. तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात. कुशीवर ७ वर भागलं, म्हणून उताणं झोपल्यावर भागेलच असं नाही.

मग सरळ १५ वर लावून मोकळं व्हावं? नाही. जादा दाबानं मास्क गळतो, तोंड कोरडं पडतं, पोटात हवा भरते. काहींच्या बाबतीत तर घसा उघडा असूनही मेंदूकडून श्वासाची सूचनाच येत नाही. तिथे दाब वाढवत नेला तर दुखणं वाढूही शकतं. घसा उघडा ठेवील तो कमीत कमी दाब, तोच योग्य.

ऑटो मशीन दाब स्वतःच कमी-जास्त करतं. सोय मोठी आहे. पण ४ ते २० अशी मोकळी रेंज ठेवून विसरून जाणं, हा आमच्या मते आळशीपणा. सुरुवातीच्या ४ वर कित्येकांना गुदमरल्यासारखं होतं, आणि घसा मिटायला लागल्यावर मशीन वर चढेपर्यंत झोप मोडलेली असते.

(दृश्य: रिपोर्ट. बोट गळतीच्या आलेखावर.)

म्हणून मशीनचा काही आठवड्यांचा रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवायचा. उरलेले अडथळे तासाला पाचच्या आत आहेत का? नसतील, तर दाबाला हात लावण्याआधी गळती बघायची. मास्क सैल असेल तर मशीनचे आकडेही फसवतात.

आणि ठरलेला दाब कायमचा नसतो. वजन बरंच घटलं किंवा वाढलं, घोरणं परतलं, दिवसा पुन्हा डुलक्या येऊ लागल्या, तर नव्यानं तपासणी करून घ्यायची.