तीन भाग मका, एक भाग पेंड

शाळेची घंटा व्हायला अजून अवकाश आहे. खुराड्यापाशी मात्र तीन मुली केव्हाच येऊन बसल्यात. एकीकडे काटा, दुसरीकडे वही. तिसरी पेंडीचा तुकडा फोडून हुंगते आहे.

हुंगण्यावर इथे फार भर. शेंगदाण्याची पेंड ओल लागली की बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीचं यकृत खराब करतं. विषाला स्वतःचा वास नसतो, हे मुलींना सांगितलेलं आहे. तरी कुबट वास, हिरवट डाग, गुठळी, काहीही आढळलं की ती पेंड बाद. 'कोंबड्यांना काय, चालतंय' म्हणत घराघरांत नेमकं हेच पुढ्यात टाकलं जातं. म्हणून मला हा धडा सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता फरशीवर खडूने चौकोन. मधोमध 17, कारण वाढत्या तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या, खाद्यात साधारण इतके टक्के प्रथिनं हवीत. डाव्या कोपऱ्यांत वर मक्यातल्या प्रथिनांचे 9 टक्के, खाली पेंडीतले 41. वजाबाकी तिरकी करायची. 41 मधून 17 गेले, 24 भाग मका. 17 मधून 9 गेले, 8 भाग पेंड. तिनास एक! 20 किलो खाद्याला 15 किलो मक्याचा भरडा आणि 5 किलो पेंड. कोंबडीपालनात 60 ते 70 टक्के खर्च खाद्यावरच होतो, त्यामुळे हा चौकोन थेट घरच्या पैशांशी जोडलेला आहे.

हातांनी काम करत शिकण्याची ही वाट पाबळच्या विज्ञान आश्रमाने रुळवली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यात तो सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात वर्कशॉपइतकंच शेती-पशुपालनालाही स्थान आहे.

मका आणि पेंड एवढ्यावर भागत नाही. पेंडीत लायसिन, मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक कमी पडतात, म्हणून थोड्या पेंडीऐवजी सुकट किंवा भाजलेलं सोयाबीन. कच्चं सोयाबीन नाहीच, त्याने प्रथिनांचं पचन अडतं. जीवनसत्त्वं आणि खनिजांचं मिश्रण मात्र दुकानातून आणतात, पाकिटावरच्या मापाने. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. अंड्यावर आलेली कोंबडी हवा तेवढा टिपते.

पलीकडे बल्बखाली पिल्लं आहेत. एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजतेय, बल्बपासून लांब पळाली तर उकडतंय. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्याच आठवड्यात, डोळ्यात एक थेंब.

आज वजनाचा दिवस. एक तलंग गेल्या आठवड्यापेक्षा हलकी भरते. खाद्य तेच, जागा तीच. मुली काट्यापाशी थांबतात. एकजण चोच उघडून बघते, दुसरी पंख उचलते. पंखाखाली उवा.

वहीत नवा रकाना आखला जातो. आणि राखेचं घमेलं कोण आणणार, यावर तिघींची बोलणी सुरू होतात.